रणभूमीचं पुरातत्त्व: विद्यापीठ आणि उद्यान सेवा यांचा संयुक्त प्रकल्प कसा उभा करायचा

१९८३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर वणवा लागला. गवत आणि झुडपं जळाली. १८७६ च्या जूनमध्ये लाकोटा, शायेन आणि अरापाहो या आदिवासी राष्ट्रांच्या योद्ध्यांनी अमेरिकन सैन्याचा अधिकारी कस्टर आणि त्याच्या सोबतच्या घोडदळाचा जिथे पूर्ण पाडाव केला, ती जमीन उघडी पडली. या रणभूमीचं राष्ट्रीय उद्यान सांभाळणाऱ्या अधीक्षकांनी रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञाला पाहणीसाठी बोलावलं. त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत, १९८४ आणि १९८५ मध्ये, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (म्हणजे उद्यान सेवेच्या) मिडवेस्ट पुरातत्त्व केंद्राचे डग्लस स्कॉट आणि फॉक्स यांनी तिथे पद्धतशीर सर्वेक्षण केलं. पैसा रणभूमीच्या इतिहासप्रेमी संस्थेने उभा केला. मेटल डिटेक्टर हौशी स्वयंसेवकांचे होते. काडतुसांच्या पुंगळ्यांची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी नेब्रास्का पोलिसांच्या गुन्हे प्रयोगशाळेत झाली. फॉक्स यांनी पुढे याच सामग्रीवर कॅलगरी विद्यापीठात पीएच.डी. केली. रणभूमीचा अभ्यास करण्याची आजची पद्धत बऱ्याच अंशी या कामातून आली.

हा लेख अशा प्रकल्पाची पायऱ्या-पायऱ्यांनी मांडणी करतो. पुरातत्त्व शिकायला अमेरिकेत गेलेले मराठी विद्यार्थी, तिथल्या विद्यापीठांत नोकरी करणारे आणि इकडे महाराष्ट्रात असं काही करावं असं मनात असलेले अभ्यासक हे वाचक मी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. लोकांना खणण्याची घाई असते. पण वस्तू कोणाच्या मालकीच्या, प्रयोगशाळेचा खर्च कोण करणार आणि नकाशा कोणाला दिसणार, हे पहिली झेंडी रोवायच्या आधी ठरलं नसेल तर तो प्रकल्प मैदानात उत्तम दिसतो आणि गोदामात मरतो.

प्रश्न आधी, जागा नंतर

“इथे लढाई झाली, काय सापडतं बघू” या वाक्यावर कोणतंही उद्यान परवानगी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. वस्तू जमिनीतून काढली की तिचं स्थान कायमचं जातं. रणभूमीवर तर स्थान हाच मुख्य पुरावा असतो. म्हणून प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर वस्तू कुठे पडल्या यावरून मिळेल. लिटल बिगहॉर्नला प्रश्न होता की कस्टरच्या तुकड्या कुठून कुठे हलल्या आणि त्यांची फळी कधी मोडली. अर्कान्सामधल्या पी रिज रणभूमीवर (अमेरिकन यादवी युद्धातली लढाई, ७ आणि ८ मार्च १८६२) अर्कान्सा आर्किऑलॉजिकल सर्व्हे, अर्कान्सा विद्यापीठ आणि मिडवेस्ट केंद्राने मिळून लीटाउनच्या भागात काम केलं. तिथला प्रश्न अगदी साधा होता. लढाईत जखमींचं रुग्णालय बनलेली ती छोटी वस्ती नेमकी कुठे होती? जमिनीवर तिचं काहीच उरलेलं नव्हतं.

तुमचा प्रश्न आणि उद्यानाची गरज जुळली पाहिजे. उद्यानाला पायवाट हलवायची असते, झाडी कापून रणभूमी १८६२ सारखी मोकळी करायची असते, माहितीफलक बदलायचे असतात, पाण्याची लाइन टाकायची असते. अर्जाआधी अधीक्षकांना आणि उद्यानाच्या सांस्कृतिक वारसा विभागप्रमुखांना भेटा. पुढच्या पाच वर्षांत जमिनीला कुठे कुठे हात लागणार आहे, ते विचारा. प्रबंधाचा विषय त्या यादीत बसवता आला तर निम्मं काम झालं. बसत नसेल तर दुसरं उद्यान शोधा. मन वळवण्यात वर्षं घालवू नका.

घड्याळं वेगळी असतात

उद्यानाकडे जमीन, कायद्याचा अधिकार, रेंजर, जुने अहवाल आणि वस्तू ठेवायची जागा असते. विद्यापीठाकडे विद्यार्थी, प्रयोगशाळा, भूभौतिक उपकरणं आणि एका प्रश्नावर चार वर्षं बसायची मुभा असते. कागदावर ही जोडी छान जमते. प्रत्यक्षात ओढाताण होते ती वेळेवरून. केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, फिल्ड स्कूल (विद्यार्थ्यांचं मैदानी प्रशिक्षण) मे ते जुलैत चालतं, प्रबंध आपल्या गतीने पुढे सरकतो आणि अधीक्षकांची मधल्या काळात बदली होते. यावर उपाय एकच. दोन्ही बाजूंनी एकेक जबाबदार माणूस नावानिशी ठरवायचा, आणि ती माणसं बदलली तर पुढे काय, तेही लिहून ठेवायचं.

तिसरा भागीदार बहुतेक प्रकल्पांत असतोच. न्यूयॉर्क राज्यातली, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली साराटोगा रणभूमी पाहा. तिथे १९७० च्या दशकात ऑल्बनीच्या राज्य विद्यापीठाच्या डीन स्नो यांनी उद्यान सेवेसाठी काम केलं होतं. २०१९ पासून त्याच रणभूमीवर उद्यान सेवेचे पुरातत्त्वज्ञ आणि माजी सैनिकांची एक पुरातत्त्व संस्था मिळून काम करू लागले. गोळीबार स्वतः अनुभवलेली माणसं उतार पाहून आडोसा आणि माऱ्याचा टप्पा सांगतात, तेव्हा वर्गात नकाशे वाचून आलेल्यांना बरंच शिकायला मिळतं.

टेबलावरचं काम

मैदानात उतरण्याआधी निदान एक सत्र कागदांना द्या. समकालीन नकाशे, दोन्ही बाजूंचे अहवाल, पत्रं, पेन्शनचे अर्ज, जुनी हवाई छायाचित्रं, लायडारची (विमानातून लेसरने मोजलेली) उंचसखल माहिती हे सगळं एका जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत आणायचं. जिंकलेल्यांचे कागद जास्त असतात किंवा जास्त टिकतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. लिटल बिगहॉर्नला मात्र उलटं झालं. तिथे जिंकलेल्या लाकोटा आणि शायेन लोकांच्या साक्षी अनेक दशकं विसंगत म्हणून बाजूला पडल्या. जमिनीतल्या पुंगळ्यांची मांडणी पाहिल्यावर त्यांतल्या बऱ्याच गोष्टी जुळू लागल्या. त्यामुळे मौखिक साक्ष परिशिष्टात ढकलू नका. ती पहिल्या नकाशावरच चढवा.

नकाशा वाचायला अमेरिकन सैन्याची “कोकोआ” नावाची चौकट वापरतात. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: मोक्याची जागा, नजर आणि मारा कुठवर पोहोचतो, आडोसा, अडथळे आणि येण्या-जाण्याच्या वाटा. रणभूमी संरक्षणाच्या केंद्रीय कार्यक्रमाचं अनुदान हवं असेल तर ही चौकट वापरावीच लागते. ती उपयोगी आहे, पण आंधळेपणाने भरू नका. १६३७ मध्ये इंग्रज वसाहतवाले आणि पीक्वॉट लोक यांच्यात झालेल्या युद्धातल्या माणसाची नजर आणि तोफखान्याच्या अधिकाऱ्याची नजर एक नसते.

करार

अमेरिकेत विद्यापीठ आणि उद्यान सेवा यांच्यातला सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे सहकारी परिसंस्था अभ्यास केंद्रांचं जाळं. देशभरात अशी १७ प्रादेशिक केंद्रं आहेत. रॉकी पर्वताच्या भागातलं केंद्र मोंटाना विद्यापीठात आहे, तर मैदानी प्रदेशातलं नेब्रास्का-लिंकन विद्यापीठात. तुमचं विद्यापीठ या जाळ्याचं सदस्य असेल तर उद्यान थेट सहकार्य करार करू शकतं. त्यात विद्यापीठाचा वरखर्च (इमारत, कार्यालय, हिशेब यांसाठीचा वाटा) १७.५ टक्के धरण्याची पद्धत आहे. एरवी अमेरिकन विद्यापीठं संशोधन निधीवर याच्या दुप्पट-तिप्पट वरखर्च लावतात. त्यामुळे तोच निधी इथे बराच पुढे जातो. प्रस्ताव लिहिण्याआधी विद्यापीठाच्या प्रायोजित संशोधन कार्यालयातून त्या वर्षीचा दर आणि नियम लेखी घ्या.

हा ठेका नसतो, हे लक्षात ठेवा. ठेक्यात उद्यान काम विकत घेतं. सहकार्य करारात उद्यानाचे तज्ज्ञ प्रत्यक्ष कामात असावे लागतात आणि त्यातून सार्वजनिक हित साधलं जावं लागतं. म्हणून उद्यानाचा पुरातत्त्वज्ञ नक्की काय करणार, ते करारात लिहा. मैदानात राहणार का, वस्तूंच्या नोंदी तपासणार का, अहवालाचा सहलेखक असणार का?

करारात मी ज्या बाबींसाठी अडून बसेन त्या अशा. वस्तूंची मालकी, म्हणजे केंद्रीय जमिनीवरची प्रत्येक वस्तू सरकारची आणि विद्यापीठाकडे ती फक्त उसनी. उसनवारीची मुदत. जतनाचा खर्च वेगळ्या ओळीत आणि तो मैदानी खर्चात वळवता येणार नाही अशी अट. विद्यार्थ्याला प्रबंधात आणि लेखात काय छापता येईल, आणि उद्यानाने मसुदा किती दिवसांत वाचून द्यायचा. शेवटची बाब किरकोळ वाटते, पण अडकलेल्या प्रबंधांचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

खर्चाचा अंदाज बांधताना मैदानातल्या एका दिवसाला प्रयोगशाळेचे किमान तीन दिवस धरा. लोखंड जास्त निघणार असेल तर त्याहून जास्त.

रणभूमी उद्यानाच्या हद्दीबाहेर असेल तर वाट वेगळी. कनेक्टिकटमध्ये १६३७ च्या पीक्वॉट युद्धाच्या जागा शोधण्याचा प्रकल्प मशांटकेट पीक्वॉट संग्रहालयाने चालवला. कनेक्टिकट विद्यापीठाचे केव्हिन मॅकब्राइड त्याचे प्रमुख होते आणि निधी उद्यान सेवेच्या रणभूमी संरक्षण कार्यक्रमातून आला. तिथली जमीन उद्यानाची नव्हती. आज तिथे घरं, अंगणं आणि बागा आहेत. दारोदार जाऊन संमती घ्यावी लागली. याकडे शेवटी परत येऊ.

परवाने आणि सल्लामसलत

केंद्रीय जमिनीवर खणायला किंवा वस्तू उचलायला १९७९ च्या पुरातत्त्वीय संपत्ती संरक्षण कायद्याखाली परवाना लागतो. मुख्य संशोधकाकडे पदव्युत्तर पदवी आणि देखरेख करण्याचा अनुभव असावा लागतो. विनापरवाना उचलेगिरीला पहिल्या गुन्ह्यातसुद्धा दंड आणि कैद आहे. राष्ट्रीय उद्यानात मेटल डिटेक्टर वापरायलाच काय, वापरायच्या स्थितीत जवळ बाळगायलाही बंदी आहे. म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाचं नाव कामाच्या कागदपत्रांत असू द्या आणि कागदाची प्रत त्याच्या खिशात. हौशी माणूस उत्साहाने आदल्या संध्याकाळी यंत्र जोडून “जरा बघून येतो” म्हणाला, तर रेंजर त्याला पकडेल आणि प्रकल्प तुमचा थांबेल.

याशिवाय १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा कायद्याच्या कलम १०६ खाली राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी आणि संबंधित आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत करावी लागते. हे काम कायद्याने उद्यानाचं आहे, विद्यापीठाचं नाही. पण उद्यानाने पत्र पाठवलं म्हणजे सल्लामसलत झाली असं समजू नका. लिटल बिगहॉर्नचं उदाहरण घ्या. उद्यान क्रो लोकांच्या राखीव प्रदेशाने वेढलेलं आहे. क्रो टेहळे कस्टरच्या बाजूने होते, लाकोटा आणि शायेन त्याच्याविरुद्ध. एकाच जमिनीबद्दल तीन राष्ट्रांचं म्हणणं तीन तऱ्हांचं असू शकतं आणि तिन्ही ऐकावी लागतात. या उद्यानाचं नावच १९९१ पर्यंत कस्टरच्या नावावर होतं, यावरून आधी कोणाचं ऐकलं जायचं ते कळतं.

कोलोरॅडोतलं सँड क्रीक वेगळ्या कारणासाठी पाहावं. २९ नोव्हेंबर १८६४ ला तिथे सैन्याने शायेन आणि अरापाहो छावणीवर हल्ला करून कत्तल केली. तिला लढाई म्हणणंही चुकीचं ठरेल. जागेबद्दल वाद होता. १९९९ च्या शोधात शायेन आणि अरापाहो प्रतिनिधी सुरुवातीपासून सोबत होते. मौखिक परंपरा, जुने नकाशे, नदीच्या गाळाचा अभ्यास आणि मेटल डिटेक्टर सगळं एकत्र लावलं गेलं. अशा जागी आदिवासी राष्ट्राने “इथे थांबा” म्हटलं तर थांबायचं. तेवढी लवचीकता वेळापत्रकात आधीच ठेवा.

मैदानात

आधी सर्वेक्षणाची पट्टी आखा. पाच-पाच मीटर अंतरावर माणसं एका रांगेत उभी करतात आणि रांग एकाच गतीने पुढे सरकते. डिटेक्टरचा झोका दीड ते दोन मीटरचा असतो, म्हणजे साधारण एक तृतीयांश जमीन तपासली जाते. लिटल बिगहॉर्नला याच प्रमाणात पहिली पाहणी झाली. मोठ्या क्षेत्राचा आकृतिबंध कळायला तेवढं पुरतं. वस्तूंची दाटी दिसली की तिथे अंतर कमी करा आणि दुसरी फेरी काटकोनात मारा. पहिल्या फेरीत न वाजलेल्या वस्तू दुसऱ्या दिशेने वाजतात.

यंत्रातली लोखंड वगळण्याची सोय बंद ठेवा. हौशी मंडळींना हे पटत नाही, कारण मग प्रत्येक खिळ्याला यंत्र बोंबलतं. पण छर्ऱ्याचे गोळे, तोफगोळ्यांचे तुकडे, घोड्याचे नाल, बाणांची लोखंडी टोकं हे सगळं लोखंडच. ते वगळलं तर रणभूमीचा अर्धा भाग वगळला. पहिल्या सकाळी एका कोपऱ्यात ठरावीक खोलीवर शिशाचे आणि लोखंडाचे तुकडे पुरा आणि प्रत्येकाकडून ते शोधून घ्या. कोणाचं यंत्र किती खोल जातं हे तुम्हाला कळतं आणि चालवणाऱ्यालाही. लहान वस्तूसाठी पाव मीटरच्या पलीकडे फार भरवसा ठेवू नका.

माणसांचे तीन गट करा. पहिला शोधतो आणि झेंडी लावून पुढे जातो. दुसरा झेंडीपाशी बसून करणीने हळू माती काढतो, वस्तू उघडी करतो आणि तिथेच ठेवतो. तिसरा नोंद करतो: निर्देशांक, खोली, आणि गोळी असेल तर तिचं टोक कुठल्या दिशेला आणि कोणत्या कोनात. मगच वस्तू पिशवीत. तिन्ही कामं एकाच माणसाला दिली की दुपारनंतर तो वस्तू आधी उचलतो आणि नोंद नंतर करतो. झेंड्यांचे रंग वेगळे ठेवा. नोंद झालेल्या जागेची झेंडी रोज संध्याकाळी जीआयएसमधल्या यादीशी ताडूनच काढा.

१९८४ मध्ये मोजणीला दुर्बिणीचं यंत्र होतं, आज सेंटिमीटरपर्यंत अचूक उपग्रह-यंत्र आहे. तरी त्याचा तळबिंदू उद्यानाच्या कायम खुणेवरच बांधा, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्याला तुमचे बिंदू सापडतील. पी रिजसारख्या ठिकाणी वस्ती शोधायची असेल तर डिटेक्टर पुरत नाही. चुंबकीय मापन, जमिनीत शिरणारं रडार आणि विद्युतरोध मापन या पद्धतींनी चुली, तळघरं आणि भिंतींचे पाये उमटतात. नंतर निवडक ठिकाणी छोटे खड्डे घ्यायचे.

जे सापडत नाही त्याचीही नोंद हवी. तपासलेल्या पण रिकाम्या पट्ट्या नकाशावर दाखवल्या नाहीत, तर न तपासलेली जागा आणि रिकामी जागा सारखीच दिसते. आणि हो, लिटल बिगहॉर्नला रॅटलस्नेक असतात, अर्कान्सात गोचिड्या. बूट चांगले घ्या.

हाड किंवा तोफगोळा लागला तर

या दोन्ही प्रसंगांचा कागद पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हाती असला पाहिजे, कारण त्या क्षणी विचार करायला कोणी थांबत नाही.

हाड दिसलं की हात थांबवायचे, झाकायचं, उद्यानाच्या पुरातत्त्वज्ञाला सांगायचं. फोटो समाजमाध्यमावर नाही. आदिवासी पूर्वजांचे अवशेष असण्याची शक्यता असेल तर असे अवशेष त्या राष्ट्रांना परत करण्याबाबतचा १९९० चा कायदा लागू होतो. जानेवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार प्रदर्शन, हाताळणी किंवा संशोधन करण्याआधी संबंधित राष्ट्रांची संमती घ्यावी लागते. सैनिकांचे अवशेषही सन्मानानेच हाताळायचे. व्हर्जिनियातल्या मनासस रणभूमीवर २०१४ मध्ये जमिनीखालच्या वाहिनीच्या कामादरम्यान एक खड्डा सापडला. त्यात दोन सैनिकांचे सांगाडे आणि शस्त्रक्रियेत कापलेल्या ११ अवयवांची हाडं होती. उद्यान सेवेने स्मिथसोनियन संस्थेच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि २०१८ मध्ये त्या दोघांचं आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने दफन झालं.

तोफगोळ्याच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. यादवी युद्धातले गोळे आजही जिवंत असू शकतात. २०२३ च्या फेब्रुवारीत गेटिसबर्गला लिटल राउंड टॉपजवळ असा गोळा निघाला आणि सैन्याच्या बाँबनाशक पथकाने तो हलवला. गोल, जड आणि लोखंडी काही लागलं की ते पोकळ आहे का हे तपासायला ठोकून पाहू नका. माणसं मागे घ्या आणि रेंजरला बोलवा.

प्रयोगशाळेत

या कामाचा खरा रस इथे आहे. फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारा बंदुकीतला खिळा) पुंगळीवर ठसा सोडते आणि नळीतल्या आट्या गोळीवर चरे उमटवतात. हे ठसे तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली जुळवले की दोन पुंगळ्या एकाच बंदुकीतून सुटल्या का, ते कळतं. लिटल बिगहॉर्नला एका टेकाडावरची पुंगळी आणि काही अंतरावरची दुसरी जुळली, की ती बंदूक घेऊन चालणाऱ्या माणसाची वाट नकाशावर उमटते. सैनिकांकडे १८७३ च्या नमुन्याची एकबारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन होती. योद्ध्यांकडे अनेक प्रकारच्या बंदुका होत्या, त्यांत लागोपाठ बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टरही होत्या. हे सगळं तोपर्यंत आठवणींवर आणि तर्कावर चाललं होतं. या पुराव्यावरून फॉक्स यांनी मांडलं की शेवटपर्यंत फळी धरून लढल्याचं प्रसिद्ध चित्र जमिनीवर दिसत नाही. सैन्याची शिस्त मोडत गेल्याचं दिसतं.

सैनिक जिथे पडले तिथे लावलेल्या पांढऱ्या संगमरवरी खुणांची गोष्टही अशीच. कस्टरच्या तुकडीत सुमारे २१० माणसं पडली, पण खुणा सुमारे २५० होत्या. काही खुणांपाशी उत्खनन केल्यावर दिसलं की जोडीने लावलेल्या खुणांखाली पुष्कळदा एकाच माणसाचे अवशेष आहेत.

त्याआधीच्या काळातल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांसाठी वजनकाटा पुरतो. आदळून चपट्या झालेल्या शिशाच्या गोळीचा मूळ व्यास मोजता येत नाही, पण वजन फारसं घटलेलं नसतं. न्यूजर्सीच्या मॉनमथ रणभूमीवर (तीही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली) काम करणाऱ्या डॅनियल सिव्हिलिच यांनी यासाठी सूत्र बसवलं: ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ गुणिले ०.२२३२०४ केलं की इंचातला व्यास मिळतो. २७ ग्रॅमचं घनमूळ ३, म्हणून व्यास ०.६७ इंच. २९ ते ३० ग्रॅमची गोळी ०.६९ इंचाच्या आसपास, म्हणजे ब्रिटिश ब्राउन बेस बंदुकीला साजेशी. साडेबावीस ग्रॅमची गोळी ०.६३ इंचाची, फ्रेंच शार्लव्हील बंदुकीच्या मापाची. यावरून लगेच बाजू ठरवू नका, कारण पकडलेल्या बंदुका दोन्हीकडे फिरत. पण शेकडो गोळ्यांचा नकाशा काढला की ढीग वेगळे पडतात.

त्याहून मोलाचा भेद म्हणजे गोळी उडाली की हातातून पडली. साच्याची शिवण शाबूत असलेली गोल गोळी बहुधा भरताना पडलेली, म्हणजे तिथे माणूस उभा होता. चपटी गोळी म्हणजे त्या जागेवर मारा झाला. दोन्ही एकाच रंगात छापणारे नकाशे मी बाजूला ठेवतो. दातांच्या खुणा असलेल्या गोळ्या दिसल्या की पर्यटकांना शस्त्रक्रियेतल्या वेदनेची गोष्ट सांगितली जाते. सिव्हिलिच यांच्या अभ्यासात त्यांतल्या बऱ्याच डुकरांनी चघळलेल्या निघाल्या.

शिशावरचा पांढरा थर घासू नका, तोच गोळीला जपतो. हातमोजे घाला, जेवणाआधी हात धुवा आणि ओकच्या लाकडी खणात शिसं ठेवू नका, त्यातल्या आम्लाने ते झडतं. लोखंडाचं काम प्रशिक्षित जतनतज्ज्ञाकडे द्या.

दप्तर, अहवाल आणि गुप्तता

वस्तू, नोंदवह्या, फोटो आणि डिजिटल फाइली हे सगळं केंद्रीय नियमांनुसार उद्यानाच्या संग्रहात दाखल व्हावं लागतं. दाखल क्रमांक मैदानात जाण्याआधीच मागून घ्या आणि पिशव्यांवर पहिल्या दिवसापासून तोच लिहा. नंतर हजारो पिशव्या पुन्हा लिहिणं विद्यार्थ्याच्या नशिबी येतं.

अहवाल दोन करा. तपशीलवार अहवालात अचूक निर्देशांक असतात आणि तो कायद्याने गोपनीय ठेवता येतो, कारण असा नकाशा चोरट्यांना आयतं आमंत्रण ठरतो. दुसरा, सार्वजनिक अहवाल ढोबळ नकाशांसह. प्रबंध खुल्या संग्रहात जाणार असेल तर त्यातले नकाशेही ढोबळ करा. मार्गदर्शकाला हे सुचेलच असं नाही, म्हणून विद्यार्थ्याने स्वतः विचारावं.

मराठी विद्यार्थ्यासाठी, आणि असईसाठी

अमेरिकेत शिकत असाल तर श्रेयांक देणारं फिल्ड स्कूल हा सर्वांत सरळ मार्ग आहे. व्यावसायिक पुरातत्त्वज्ञांच्या नोंदणी संस्थेने प्रमाणित केलेलं फिल्ड स्कूल बघा. याच संस्थेच्या मान्यतेने पुरातत्त्वज्ञांसाठी मेटल डिटेक्टरचा प्रगत अभ्यासक्रमही चालतो. मैदानी कामाचं मानधन मिळणार असेल तर व्हिसाच्या अटींबद्दल विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी विचारा. उद्यानात बिनपगारी काम करायचं असलं तरी विचारा.

इकडे असई, खर्डा, वडगाव या रणभूमी उद्यानं नाहीत. जालना जिल्ह्यात केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्लीची ब्रिटिश फौज भिडली, ती जमीन आज शेतकऱ्यांची आहे. म्हणून आपल्याला लिटल बिगहॉर्नपेक्षा पीक्वॉटचा नमुना जवळचा. कायदा मात्र आपला. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून येतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हौसेने डिटेक्टर घेऊन शेतात उतरणं म्हणजे पुरावाही घालवणं आणि स्वतःही अडकणं.

डेक्कन कॉलेजसारखी संस्था, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आणि गाव एवढे तीन भागीदार जमले तर सुरुवात खणण्याशिवायही करता येते. वेलस्लीच्या अधिकाऱ्यांचे नकाशे आजच्या गटनकाशांवर बसवायचे, नद्यांचे जुने उतार शोधायचे, नांगरताना गोळ्या कुठे निघाल्या ते शेतकऱ्यांकडून गट क्रमांकानुसार लिहून घ्यायचं. वस्तू त्यांच्याकडून विकत घ्यायच्या नाहीत, नाहीतर पुढच्या हंगामात शेजारच्या तालुक्यातल्याही गोळ्या असईच्या म्हणून येतील. त्याआधी तलाठ्याकडून त्या गटांचे सातबारे काढा आणि संमतीपत्राचा मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवा.